पेटी होती, चाव्या होत्या, तरी दार उघडलं नाही: एका कमर्शियल बिल्डिंगमधल्या आगीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

बिल्डिंग कुठली, मालक कोण, हे कळू नये म्हणून काही बारीकसारीक गोष्टी बदलल्यात, घटनाक्रम मात्र जसा होता तसाच ठेवलाय कारण सगळं शिकण्यासारखं त्यातच आहे.

तळमजल्यावर दुकानं, प्रत्येकाला रोलिंग शटर. वर पाच मजले ऑफिसं. बेसमेंटमध्ये पार्किंग, पंप रूम आणि इलेक्ट्रिक रूम. दिवसा रिसेप्शनला दोन माणसं आणि फॅसिलिटी मॅनेजर, रात्री एकच गार्ड. स्प्रिंकलर होते, अलार्म पॅनल होतं, फायर पंप चालू कंडिशनमध्ये होता. म्हणजे कागदावर बघितलं तर ही चांगल्यातली बिल्डिंग.

मी फायर सेफ्टी ऑडिटचं काम करतो. या बिल्डिंगचं आदल्या वर्षीचं ऑडिट मीच केलं होतं आणि त्यात 'अग्निशमन दलासाठी चावीची पेटी' या ओळीपुढे माझ्या हातची टिक आहे. हे आधीच सांगतो, कारण पुढे त्याच टिकवर यायचंय.

ज्यांनी ही पेटी बघितली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मेन एन्ट्रन्सच्या बाजूला, साधारण डोक्याच्या उंचीवर, भिंतीत पक्की बसवलेली जाड पोलादी पेटी असते. आत बिल्डिंगच्या चाव्या. पेटीची स्वतःची चावी फक्त अग्निशमन दलाकडे, आणि त्या भागातल्या सगळ्या पेट्या त्या एकाच चावीने उघडतात, त्यामुळे गाडीवरच्या माणसाला शंभर बिल्डिंगच्या शंभर चाव्या घेऊन फिरावं लागत नाही. ती चावी साध्या चावीवाल्याकडे बनवून मिळत नाही. अमेरिकेत नॉक्स कंपनीच्या अशा पेट्या १९७५ पासून आहेत आणि तिथे आता लोक कुठल्याही कंपनीच्या पेटीला सरसकट नॉक्स बॉक्सच म्हणतात.

यात एक गोष्ट मुद्दाम केलेली असते आणि तीच या केसचं मूळ आहे. पेटी मालकाला उघडता येत नाही, गार्डला नाही, ऑडिटरला तर नाहीच. चोरीच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा की पेटी एकदा बंद झाली की आत काय आहे हे कुणालाच दिसत नाही, आणि जोवर कुणी दलाला फोन करून 'या, उघडा, चावी बदलायचीय' असं म्हणत नाही तोवर ती तशीच पडून राहते.

त्या रात्री काय झालं

खालच्या वेळा पॅनलच्या लॉगवरून, गार्डच्या फोनवरून आणि दलाच्या नोंदीवरून जुळवल्यात.

रात्री २:०७ ला तिसऱ्या मजल्यावरच्या एका ऑफिसच्या यूपीएस रूममध्ये स्मोक डिटेक्टर वाजला. २:०९ ला फ्लो स्विच आला, म्हणजे स्प्रिंकलरचं एक हेड (छतातलं पाणी फवारणारं तोंड) फुटून पाणी सुरू झालं. हेडमध्ये लाल द्रवाची काचेची नळी असते, ती ६८ अंश सेल्सिअसला फुटते आणि फक्त तेवढंच हेड उघडतं, पूर्ण मजला भिजत नाही, हा गैरसमज खूप जणांचा असतो. २:१० ला गार्डने फोन केला. २:१८ ला पहिली गाडी दारात. आठ मिनिटं, यात नाव ठेवायला जागा नाही.

२:२० ला पेटी उघडली. आत एका रिंगमध्ये अकरा चाव्या. प्रत्येकीला कागदाचं लेबल चिकटवलेलं, त्यातली बहुतेक लेबलं दमटपणाने फिकी पडून कोरी झालेली. एका जवानाने टॉर्च दातात धरून, हातमोजे घातलेल्या बोटांनी एकेक चावी मेन दाराला लावून बघितली. हातमोज्यात छोट्या पितळी चाव्या एकमेकींवर घसरतात, लावून झालेली कुठली आणि राहिलेली कुठली हे कळत नाही, म्हणून त्याने शेवटी एक हातमोजा काढला. अकराही लावून झाल्या. दोन आत गेल्या, फिरली एकही नाही.

कारण मेन दाराचं लॉक चौदा महिन्यांपूर्वी बदललेलं होतं. ॲक्सेस कार्ड सिस्टीम बसवताना लॉकचा जुना सिलेंडर (चावी जाते तो भाग) काढून नवा टाकला, नव्या चाव्या तीन आल्या, दोन मॅनेजरकडे आणि एक रिसेप्शनच्या ड्रॉवरमध्ये. पेटीतली जुनी चावी होती तिथेच राहिली.

गार्ड म्हणाला, "साहेब, माझ्याकडे फक्त गेटची आणि बेसमेंटच्या जाळीची चावी आहे. आतलं सगळं मॅनेजर साहेबांकडे." मॅनेजरचा फोन सायलेंटवर. गार्ड त्या बिल्डिंगवर नऊ दिवसांपूर्वी आलेला, त्याच्या बाजूने मी एवढंच म्हणेन की त्याने कुणाची वाट न बघता लगेच फोन केला आणि गाडी येईपर्यंत गेट उघडं ठेवलं, त्याला जेवढं सांगितलं होतं तेवढं त्याने चोख केलं.

२:२९ ला बाजूचं सर्व्हिसचं दार हॅलिगन बार (दार उचकटायची पोलादी पहार) आणि कुऱ्हाड लावून उघडलं. २:३१ ला टीम पॅनलपाशी. जिन्याने तिसऱ्या मजल्यावर पोचले आणि जिन्यातलं दार बंद. ते २:३७ ला फोडलं. आत यूपीएसच्या बॅटरीचा एक रॅक आणि वरचा केबल ट्रे जळालेला, पण स्प्रिंकलरने आग तिथल्या तिथे दाबून धरलेली. २:४४ ला ऑफिसर म्हणाले की आग विझली, आता पाणी बंद करा.

पाणी बंद झालं ३:०२ ला.

जवानांकडे हेडमध्ये ठोकायची लाकडी पाचर असते, पण फॉल्स सीलिंग खाली आलेलं आणि खालच्या रॅकमुळे तिथे शिडी लागेना. तिसऱ्या मजल्याचा झोन वाल्व्ह, म्हणजे फक्त त्या मजल्याच्या स्प्रिंकलरचं पाणी बंद करणारा वाल्व्ह, कुठे आहे हे तिथे हजर असलेल्या कुणालाच माहीत नव्हतं. नकाशा होता, फॅसिलिटी ऑफिसच्या भिंतीवर छान फ्रेम करून लावलेला, आणि ते ऑफिस कुलूपबंद. शेवटी बेसमेंटमध्ये पंप रूम शोधली, कडी कापली आणि तिथून पाणी बंद केलं. मॅनेजरला फोन २:३५ ला लागला होता, ते ३:१० ला पोचले, तेव्हा सगळं संपलेलं होतं.

अडचण नेमकी कुठे होती

सगळे पहिल्यांदा एकच वाक्य बोलले, 'चावी जुनी निघाली'. ते खरंच आहे, पण नुसतं तेवढंच धरलं असतं तर एक नवी चावी पेटीत टाकून फाईल बंद झाली असती.

आधी पाण्याचा हिशेब बघू, कारण नुकसान आगीने कमी आणि पाण्याने जास्त झालं. हेड साधं के ८० होतं. के ८० म्हणजे एक बार दाबाला मिनिटाला ८० लिटर, आणि दाब वाढला की त्याच्या वर्गमुळाच्या पटीत पाणी वाढतं. दीड बार धरला तर मिनिटाला जवळजवळ ९८ लिटर. एकच हेड उघडलं असेल तर दाब सहसा याहून जास्तच असतो, म्हणजे हा आकडा कमीत कमी समजा. २:०९ ते ३:०२ म्हणजे ५३ मिनिटं, साधारण ५,२०० लिटर. सगळी दारं चावीने उघडली असती आणि वाल्व्ह लगेच सापडला असता तर माझ्या अंदाजाने अडीचपर्यंत पाणी बंद झालं असतं, म्हणजे दोन हजार लिटरच्या आसपास. वरचे तीन हजार लिटर निव्वळ बंद दारांमुळे आणि न सापडलेल्या वाल्व्हमुळे दुसऱ्या मजल्यावरून झिरपत तळमजल्याच्या दोन दुकानांत उतरले. स्प्रिंकलरला दोष देणाऱ्या भाडेकरूंना मी हेच मांडून दाखवलं, त्या एका हेडने बिल्डिंग वाचवली, ते हेड नसतं तर २:३७ ला टीमला दाराआड काय भेटलं असतं याचा विचार करा.

दुसरी अडचण जिन्याच्या दाराची. बिल्डिंगमधल्या प्रत्येकाची पक्की समजूत होती की 'अलार्म वाजला की सगळी दारं आपोआप उघडतात'. अर्धी बरोबर. मॅग्नेटिक लॉक असेल तर वीज तुटली की ते सुटतं, अलार्म पॅनल तेच करतं. पण मजल्यांच्या दारांना इलेक्ट्रिक स्ट्राइक (चौकटीतला, लॉकची जीभ अडकवून ठेवणारा विजेवरचा भाग) होते आणि तेही वीज गेली तरी बंदच राहणाऱ्या प्रकारातले. आतून हँडल दाबलं की दार कधीही उघडतं, त्यामुळे आतल्या माणसाची सुटका अडत नाही आणि म्हणूनच ऑडिटमध्ये ते पास होतं. जिन्याच्या बाजूने मात्र ते दार म्हणजे भिंत. बाहेर पडणाऱ्याची वाट आणि आत येणाऱ्याची वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण सगळे पहिलीच तपासतो.

तिसरी, माहिती. चावी असून वाल्व्ह कुठे आहे हे माहीत नसेल तर त्या चावीचा उपयोग काय. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या २०१७ च्या आगीत ७२ माणसं गेली. त्या चौकशीच्या पहिल्या टप्प्याच्या अहवालात असं नोंदलंय की जवानांना लिफ्टचा ताबा घ्यायची यंत्रणा चालवता आली नाही, आणि अहवालाने उंच निवासी इमारतींमध्ये मजल्यांचे नकाशे ठेवलेली माहितीची पेटी असावी अशी शिफारस केली. इंग्लंडमध्ये २३ जानेवारी २०२३ पासून किमान १८ मीटर उंच किंवा किमान सात मजल्यांच्या निवासी इमारतींना ती सक्तीची झाली. तो नियम निवासी इमारतींचा आहे, पण ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये रात्री अडीच वाजता प्रश्न तोच पडतो.

आणि चौथी अडचण म्हणजे माझी टिक. मी पेटी बघितली, पक्की बसवलीय, गंजलेली नाही, दारासमोर अडथळा नाही, टिक. आत काय आहे हे मी विचारलंच नाही. उघडता येत नाही म्हणून तपासायचं नाही असं मी स्वतःशीच गृहीत धरलं. अमेरिकेतल्या इंटरनॅशनल फायर कोडचं कलम ५०६.२ सरळ सांगतं की लॉक बदललं की बिल्डिंग चालवणाऱ्याने फायर अधिकाऱ्याला ताबडतोब कळवायचं आणि नवी चावी द्यायची. म्हणजे ज्यांनी या पेट्या सगळ्यात जास्त वापरल्या त्यांना ही खोट इतकी ओळखीची आहे की त्यांनी ती नियमातच लिहून ठेवलीय.

त्या रात्रीचे पर्याय

२:२४ च्या सुमारास अकरा चाव्या संपल्यावर ऑफिसरसमोर काय काय होतं हे मी नंतर त्यांच्याबरोबर बसून बोललो.

चावीवाल्या माणसाची वाट बघणं हा एक पर्याय, आणि फोनच लागत नव्हता तेव्हा तो तिथेच संपला. ब्रिटनमध्ये घुसखोरी अलार्मच्या पोलीस धोरणात चावी सांभाळणाऱ्याने २० मिनिटांत पोचावं अशी अट असते, म्हणजे व्यवस्था नीट असेल तिथेही २० मिनिटं धरलेली आहेत. फ्लो स्विच आलेला असताना २० मिनिटं थांबणं शक्य नव्हतं. नुसता एक डिटेक्टर वाजला असता आणि बाहेरून धूर दिसत नसता तर कदाचित थांबले असते, असं ऑफिसर स्वतःच म्हणाले. हे मला जास्त काळजीचं वाटलं, कारण बऱ्याच आगी सुरुवातीला अशाच असतात, बाहेरून काही दिसत नाही.

समोरची काच फोडायची का? काच लॅमिनेटेड होती. टफन्ड काच कोपऱ्यात अणकुचीदार वस्तू मारली की पूर्ण भुगा होऊन खाली येते, लॅमिनेटेड तडकते पण मधल्या फिल्मला चिकटून जागेवरच राहते, ती कापावी लागते. म्हणून ते सोडलं. शिडी लावून तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून जायचं म्हटलं तर खिडक्या फिक्स, आणि पॅनल न बघता आत शिरणं म्हणजे अंदाजपंचे. राहिलं सर्व्हिसचं दार. ते बाहेरच्या बाजूला उघडणारं होतं, म्हणून दार आणि चौकटीच्या फटीत बारचं टोक घालून लॉकची बाजू बाहेर खेचता आली.

हा निर्णय माझ्या मते योग्यच होता. चुकलं असेल तर एवढंच की पेटीतल्या चाव्यांवर चार मिनिटं गेली. दलाने आता त्यांच्याकडे ठरवून टाकलंय की पेटी उघडली की एकाने चाव्या बघायच्या आणि त्याच वेळी दुसऱ्याने फोडायच्या दाराची जागा बघून हत्यार तयार ठेवायचं.

नंतर वजन केलेले पर्याय

मालक, भाडेकरूंचे दोन प्रतिनिधी, मॅनेजर, दलाचे ऑफिसर आणि मी असे तीनदा बसलो. पहिल्या मीटिंगमध्ये एका भाडेकरूने विचारलं, "दर वेळी तोडू देत ना दार, विमा आहे की!" प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर रागावून देण्यात अर्थ नव्हता. विमा दाराचे पैसे देईल, मिनिटं देणार नाही. शिवाय फोडलेलं दार बंद होत नाही, त्या रात्री पहाटेपर्यंत उघड्या बिल्डिंगवर माणूस बसवावा लागला. आणि ज्या रात्री आत माणूस अडकलेला असेल त्या रात्री ही गणितं कुणी करणार नाही.

सगळ्या चाव्या रात्रीच्या गार्डकडे द्या, हा मॅनेजरचा सुरुवातीचा कल होता. यात फायदा मोठा आहे, गार्ड स्वतः दार उघडून वाटेवर उभा राहू शकतो. पण गार्ड बदलत राहतात, धुरात तोच अडकला किंवा घाबरून लांब गेला तर चाव्याही गेल्या, आणि सगळ्या ऑफिसची मास्टर चावी एका माणसाच्या खिशात ठेवायला भाडेकरू तयार नव्हते.

कोड टाकून उघडायची साधी पेटी स्वस्त पडते. ती ऑफिसरनीच नाकारली. कोड दलाच्या कंट्रोल रूमला कळवायचा, तो बदलला की परत कळवायचा, म्हणजे शिळ्या चावीच्या जागी शिळा कोड.

जर्मनीतली पद्धत मला मनापासून आवडते. तिथे पेटीचं बाहेरचं दार फायर अलार्म पॅनल स्वतः सोडतं, म्हणजे अलार्म नसताना दलाची चावी असूनही आत हात जात नाही, आतलं दार दलाच्या चावीने उघडतं आणि आतल्या बिल्डिंगच्या चावीवर यंत्रणेचं लक्ष असतं, ती जागेवर नसेल तर कळतं. गोठून दार अडकू नये म्हणून पेटीला हीटरसुद्धा असतो. पण इथे पॅनल जुनं होतं, ते बदलल्याशिवाय हे जमणार नव्हतं, म्हणून पॅनल बदलायच्या वर्षी परत बघायचं असं ठरलं.

सगळ्यात जास्त वाद झाला तो 'एकच चावी सगळ्या पेट्यांना' यावर. पाचव्या मजल्यावरच्या भाडेकरूकडे लोकांची गोपनीय कागदपत्रं असतात, ते म्हणाले की दलाची ती एक चावी बाहेर फुटली तर आमचं काय? ही भीती उगाच नाही. २०१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका वर्तमानपत्राने दाखवून दिलं होतं की लिफ्ट आणि बिल्डिंगच्या महत्त्वाच्या जागा उघडणाऱ्या फायर ब्रिगेडच्या कॉमन चाव्या चक्क ऑनलाइन विकत मिळत होत्या. त्यावर उत्तर म्हणजे पेटीला टॅम्पर स्विच लावून तो सिक्युरिटी अलार्मला जोडणं, म्हणजे पेटीचं दार हललं की नोंद होते, आणि दलाच्या बाजूने ती चावी गाडीवर बंद डब्यात, कुणी कधी काढली याच्या नोंदीसकट ठेवणं. ऑफिसरनी त्यांच्याकडचा डबा स्वतः दाखवला तेव्हा चार भाडेकरू तयार झाले. पाचव्या मजल्याचे नाही झाले.

काय केलं

पेटी तीच ठेवली, टॅम्पर स्विच टाकला आणि आतली चिकटवलेली लेबलं फेकली.

मजल्यांच्या दारांची लॉक मास्टर सिस्टीमवर घेतली, म्हणजे ती सगळी एका मास्टर चावीने उघडतात. जिन्याच्या दारांचे स्ट्राइक काढून विजेवर चालणारी लॉक बसवली, आता अलार्म आला की जिन्याच्या बाजूचं हँडलही चालतं, लॉकची जीभ चौकटीत तशीच राहते म्हणजे दार लोटलेलं राहून धूर अडवतं. अपवाद पाचव्या मजल्याचा, तिथे त्यांनी तेही नको म्हटलं.

पेटीत किती चाव्या ठेवायच्या यावर मॅनेजरची यादी एकोणीसवर गेली होती. मी त्यांना एकोणीस चाव्यांचा जुडगा, हातमोजे आणि एक टॉर्च दिली आणि लाईट बंद करून म्हटलं, पंप रूमची काढा. तिसऱ्या मिनिटाला त्यांनीच यादी खाली ठेवली. शेवटी सात राहिल्या: मेन एन्ट्रन्स, मजल्यांची मास्टर, पॅनल रूम, पंप रूम आणि झोन वाल्व्हच्या कपाटांना मिळून एक, इलेक्ट्रिक रूम, गच्ची आणि लिफ्टचा फायर स्विच (जवानांनी लिफ्टचा ताबा घ्यायचा). प्रत्येकीला हातमोज्यात पकडता येईल एवढा मोठा धातूचा बिल्ला, त्यावर कोरलेली अक्षरं आणि कडेला खाचा, मेन दाराला एक खाच, मास्टरला दोन, असं. आणि जोडीला प्लास्टिकमध्ये बंद केलेलं एक पान, एका बाजूला वाल्व्ह, पॅनल, जिने आणि मेन स्विच दाखवणारा साधा नकाशा, दुसऱ्या बाजूला तीन फोन नंबर.

मग ड्रिल, म्हणजे सराव घेतला, गेटपासून तिसऱ्या मजल्यावर दार उघडेपर्यंत. पहिल्या वेळी ६ मिनिटं ४० सेकंद. एवढं सगळं करून! बिल्ल्यांवर मॅनेजरच्या रजिस्टरमधले नंबर कोरले होते, 'टी २', 'टी ४', ते त्यांना पाठ आणि जवानांना काहीच कळेना. बिल्ले परत कोरून घेतले, सरळ 'पंप', 'मेन दार', 'लिफ्ट'. दुसऱ्या ड्रिलला ३ मिनिटं १५ सेकंद, आणि ती टीम वेगळ्या शिफ्टची होती, बिल्डिंग आधी न बघितलेली. ड्रिल नेहमी अशाच टीमबरोबर घ्यावं असं माझं आता ठाम मत झालंय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुलूप बदलण्याच्या कामाच्या परवानगीच्या फॉर्मवर एक ओळ वाढवली, 'पेटीतली चावी बदलली का, दलाकडून कोण आलं, तारीख'. ती भरल्याशिवाय लॉकवाल्याचं बिल पास होत नाही. मॅनेजरना सुरुवातीला हे जाचक वाटलं, पण बिलाला बांधल्याशिवाय ही गोष्ट कुणाच्या लक्षात राहत नाही हे त्यांनीच चौदा महिने अनुभवलं होतं. शिवाय दर तीन महिन्यांनी दलाच्या माणसासमोर पेटी उघडून सातही चाव्या प्रत्यक्ष त्या त्या दाराला लावून बघायच्या, नुसत्या मोजायच्या नाहीत.

निकाल

सात महिन्यांनी खरा अलार्म आला. चौथ्या मजल्यावर एक्झॉस्ट फॅनची मोटर जळून धूर झाला, रात्रीचीच वेळ. गार्ड नवीन होता, परत. गाडी आल्यापासून चार मिनिटांत टीम चौथ्या मजल्यावर, एकही दार फोडलं नाही, मोटरचा सप्लाय इलेक्ट्रिक रूममधून बंद केला, स्प्रिंकलर उघडायची वेळच आली नाही. सकाळी आठला ऑफिसं नेहमीसारखी सुरू झाली.

पण एक गोष्ट परत निसटली. पुढच्या तिमाही तपासणीला पेटी उघडली तर आत सहाच चाव्या. लिफ्टची चावी त्या रात्री लिफ्टच्या स्विचजवळ सुटी राहिली होती, दुसऱ्या दिवशी कुणीतरी ती रिसेप्शनला दिली, रिसेप्शनने ड्रॉवरमध्ये ठेवली. जवळजवळ दोन महिने ती पेटीच्या बाहेर होती आणि कुणालाही पत्ता नव्हता. आता पेटी बंद करताना जवान आणि गार्ड दोघांनी मिळून बिल्ले मोजायचे आणि गार्डच्या रजिस्टरवर दोघांनी सही करायची असं ठरवलंय.

परत करायचं झालं तर

पहिलं, मी माझा ऑडिटचा फॉर्म बदललाय. 'पेटी आहे का' ही ओळ काढली. त्या जागी तीन प्रश्न आहेत: पेटी शेवटची कधी उघडली, तेव्हा कुठली चावी कुठल्या दाराला लावून बघितली, आणि त्यानंतर बिल्डिंगमधलं कुठलं लॉक बदललं. तिसऱ्याचं उत्तर मॅनेजरकडून घ्यायचं नाही, बिलांच्या फाईलमधून घ्यायचं. या बिल्डिंगमध्ये ते बिल फाईलमध्येच होतं, मी आदल्या वर्षी आलो तेव्हाही होतं.

दुसरं, ॲक्सेस कार्डवाल्या व्हेंडरला कामाच्या पहिल्याच दिवशी फायरवाल्यांबरोबर बसवायला हवं होतं. स्ट्राइक कुठल्या प्रकारचा घ्यायचा हा निर्णय त्याने चोरीच्या हिशेबाने घेतला, आणि त्याला दुसरं काही सांगितलंच नव्हतं तर तो तरी काय करणार.

तिसरं, नकाशा आणि वाल्व्हच्या खुणा. हे काम तर चाव्यांच्याही आधी व्हायला हवं होतं, त्याला कुणाची परवानगी लागत नाही, वाद लागत नाही, एक दुपार पुरते. त्या रात्रीची अठरा मिनिटं त्यात वाचली असती.

चौथं अजून सुटलेलं नाही. पाचव्या मजल्याच्या भाडेकरूने मास्टर चावीला आणि जिन्याच्या दारालाही नकार दिला, तो त्यांचा हक्क आहे. त्यांच्याकडून लेखी घेतलंय की त्यांचं दार फोडलं जाईल आणि त्यांना ते मान्य आहे. मी त्यांना सांगून पाहिलं की बंद दाराआड रात्री उशिरापर्यंत थांबणारी तुमचीच माणसं असतात, तर ते म्हणाले विचार करतो. तोवर पेटीतल्या पानावर पाचव्या मजल्याच्या जागी लाल अक्षरात लिहून ठेवलंय: 'चावी नाही. दार स्टीलचं, जिन्याच्या बाजूला उघडतं. बार आणि कटर सोबत घेऊनच वर जा.'